डावा एफ्रेनचा, उजवा थॅडचा

आमच्या ब्रॉन्क्समध्ये माणसांचे पाय नखं कापल्यासारखे कापतात. हे मी रागाने म्हणतेय असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय. डायलिसिसच्या पेशंटना घरून सेंटरवर न्यायची आणि परत सोडायची व्हॅन मी चालवते. माझ्या व्हॅनमध्ये चढणारे अर्धेअधिक लोक मला पोरवयापासून माहीत आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना मी दोन्ही पायांवर नाचताना बघितलंय. साखर वाढते, अंगठा काळा पडतो, मग पाऊल जातं, मग गुडघ्यापर्यंत जातं. नदीपलीकडच्या श्रीमंत वस्तीत अंगठा काळा पडला की पाय वाचवायला डॉक्टरांची रांग लागते. आमच्याकडे एकच येतो आणि तो करवत घेऊन येतो.

थॅडियस गॅडस्डेनचा डावा पाय गेल्या हिवाळ्यात असाच गेला.

थॅड म्हणजे विल्किन्स अव्हेन्यूवरच्या आमच्या कंपूचा सगळ्यात भारी नाचणारा. त्या कंपूत मुलगी मी एकटीच. आम्ही शाळेच्या आवारात फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरायचो. आमचा डीजे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढून त्याची यंत्रं जोडायचा. आणि थॅड पुठ्ठ्यावर उतरायचा. पायात शेलटो. पांढऱ्या चामड्याचा बूट, बाजूला तीन काळ्या पट्ट्या, आणि पुढे बोटांवर शिंपल्यासारखी रबराची टोपी.

तो बूट आमच्यासाठी बनवलेलाच नव्हता. तो बास्केटबॉल खेळणाऱ्यांसाठी निघाला. त्यांनी तो काही वर्षं घातला, मग त्यांना नवं काहीतरी मिळालं आणि हा मागे पडला. तिथून आमच्या पोरांनी तो उचलला, कारण जमिनीवर पाय घासून फिरताना कापडी बूट आठवड्यात अंगठ्यापाशी फाटायचा, आणि या रबरी टोपीला काही होत नसे. आता लोक मोठ्या तोंडाने सांगतात की क्वीन्सच्या तिघा गाणाऱ्यांनी तो बूट प्रसिद्ध केला. केला, नाही कोण म्हणतंय? मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी सांगितलं, बूट वर करा, आणि हजारो माणसांनी पायातले बूट काढून हातात धरले. तेव्हा कुठे जर्मन कंपनीच्या साहेबांना दिसलं, आपला माल कोण घालतंय ते. पण त्याच्याआधी वर्षानुवर्षं दातांच्या ब्रशने तो कोणी घासला? जाड लेस दुकानात मिळत नव्हत्या तेव्हा साध्या लेस ओल्या करून, ताणून, स्टार्च लावून, आईच्या इस्त्रीखाली बोटाएवढ्या रुंद कोणी केल्या? थॅडने केल्या. अख्ख्या गल्लीच्या लेस तो करून द्यायचा. आणि त्या अशा ओवायचा की गाठ कुठे आहे ते शोधून दाखव म्हणून पैज लावायचा.

तर तो थॅड आता खिडकीत बसून होता.

दर जुलैत क्रोटोना पार्कात आमच्या जुन्या लोकांचा मेळा भरतो. सगळे कंपू येतात, पोटं सुटलेली, गुडघे गेलेले, पण बूट असे चकचकीत की डोळे दिपावेत. थॅडने तो मेळा कधी चुकवला नव्हता. जूनमध्ये मी त्याला न्यायला त्याच्या घरी वर गेले तर त्याची थोरली बहीण अर्नेस्टीन दारातच उभी. चर्चला जायची टोपी घालून, पर्स हातात, डोळे लाल.

"आज पण नाही म्हणतोय, ओडेसा. शनिवारी नाही म्हणाला, आज पण नाही. माझं ऐकत नाही, पाद्रीबाबांचं ऐकत नाही."

डायलिसिस चुकवलं की माणूस मरतो. त्यात काही खोल अर्थ नाही, रक्त साफ होत नाही आणि माणूस मरतो. मी सरळ आत गेले.

तो खिडकीपाशी. पायात हॉस्पिटलचा तो तपकिरी मोजा, खाली रबराचे ठिपके असलेला. आयुष्यात मी त्या माणसाला पायात इतकं घाणेरडं काही घातलेलं बघितलं नव्हतं.

"ऊठ."

"नाही."

"ऊठ रे म्हाताऱ्या, व्हॅन डबल पार्क केलीय. आणि पुढच्या महिन्यात मेळा आहे. मरायचं असेल तर मेळ्यानंतर मर."

"मेळ्याला काय घालून येऊ?"

"चड्डी तरी घाल. मागच्या वेळी लोक घाबरले होते."

हसला नाही. बोटाने पलंगाखाली दाखवलं. मी खोका ओढला. ऑपरेशनच्या आदल्या महिन्यात घेतलेले शेलटो. डावा पाय तेव्हाच पट्टीत होता, म्हणून उजवा तेवढा थोडा वापरलेला. डावा अजून कागदाच्या बोळ्यासकट, कोरा करकरीत.

"पाय कापला तेव्हा मी रडलो नाही, डेस," तो म्हणाला. "खोका उघडला तेव्हा रडलो. बूट एकटा मिळतो का कुठे? जोडीच घ्यावी लागते. जोडी घ्यायची आणि एक कचऱ्यात टाकायचा. म्हणजे दर वेळी पाय पुन्हा कापून घ्यायचा. त्यापेक्षा मोजा बरा."

"मग डावा नको टाकूस, ठेव."

"ठेवला ना! तो तिथून बघतो माझ्याकडे."

अर्नेस्टीन दारातून म्हणाली, "एका बुटापायी जीव देणारा माणूस मी जन्मात बघितला नाही."

"तू शेलटो कधी घातला नाहीस," थॅड म्हणाला.

मी त्या दिवशी त्याला खेचत, शिव्या देत नेलं. पण रोज कोण खेचणार? माझे हातही साठीचे आहेत.

पुढच्या आठवड्यात माझ्या यादीत एक नवा माणूस आला. साउदर्न बुलेव्हार्डवरून घ्यायचा. कुबड्यांवर उभा, डोक्यावर पोर्तो रिकोच्या झेंड्याची टोपी, हातात बायकोने केळीच्या पानात बांधून शिजवलेले मांसाचे पास्तेलेस, आणि उजवा पाय मांडीपासून नाही. माझी नजर आपोआप खाली गेली. डाव्या पायात शेलटो. जुनाट, करडा पडलेला, जीभ बाहेर काढलेली, आणि लेसचा पत्ता नाही.

"साइज किती?" मी विचारलं.

"बाई, मी लग्न झालेला माणूस आहे."

"बुटाचा, चावटा."

"दहा."

थॅडचा साइज दहा. मी दार धरून तशीच उभी राहिले. मग त्याचा चेहरा नीट बघितला आणि ओळखला. एफ्रेन किन्योनेस. शार्लट स्ट्रीटच्या कंपूचा. देवाने अख्ख्या ब्रॉन्क्समधून एक डावा पाय धाडला आणि तोही नेमका याचा.

काय झालं होतं ते सांगते. आम्ही पोरं होतो तेव्हा त्यांचा कंपू आणि आमचा कंपू यांची मोठी झुंज झाली, नाचाची. शेवटी थॅड आणि एफ्रेन समोरासमोर. एफ्रेन हातांवर उलटा होऊन गरगर फिरला, आणि लेस नसलेला त्याचा बूट पायातून सुटला तो सरळ थॅडच्या तोंडावर. पुढचा दात तुटला. लोक वेड्यासारखे ओरडले, त्यांना वाटलं ही त्याची चाल आहे, आणि झुंज एफ्रेनला दिली. थॅडचं म्हणणं, तो अपघात होता आणि अपघाताला बक्षीस देत नाहीत. एफ्रेनचं म्हणणं, नेम धरून मारला. तेव्हापासून दोघं एकमेकांची सावलीही बघत नव्हते. मेळ्यात एक पूर्वेला बसायचा, दुसरा पश्चिमेला.

मी कोणाला काही विचारलं नाही. माझी व्हॅन, माझी यादी. पुढच्या खेपेला एफ्रेनला आधी घेतलं, मग थॅडला. दार उघडलं आणि थॅडने आत बघितलं.

"मी चालत जातो," तो म्हणाला.

"कशावर?" एफ्रेनने विचारलं.

मला वाटलं आता कुबड्या चालणार. पण थॅड चढला, समोर बसला. व्हॅन निघाली. बोस्टन रोडला वळलो तेव्हा सुरू झालं.

"दात कसा आहे?" एफ्रेन.

"घरी. डबीत."

"नेम धरून मारला होता."

"तुला बूट बांधता येत नव्हता म्हणून उडाला. अजून येत नाही. बघ ते ध्यान! जीभ लोंबतेय कुत्र्यासारखी."

"तुझ्या पायात तरी काय आहे रे? मोजा! थॅडियस गॅडस्डेनच्या पायात मोजा! मी हे जाऊन कोणाला सांगितलं तर मला खोटारडा म्हणतील."

थॅडचा चेहरा पडला. एफ्रेनलाही ते दिसलं. मी व्हॅन बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि मागे वळून एका दमात सांगितलं. एक जोडी घ्या. उजवा थॅडचा, डावा एफ्रेनचा. साइज एकच. कचऱ्यात काही जायचं नाही, कोणी पलंगाखालून बघायचं नाही.

थॅडने एफ्रेनकडे बोट केलं.

"याच्याबरोबर?" थॅड म्हणाला. "मी याच्याबरोबर सिगारेटसुद्धा वाटून ओढणार नाही."

"सिगारेटच सोडल्यास तर बरं होईल, दुसरा पाय शिल्लक आहे," मी म्हटलं.

एफ्रेन स्वतःच्या करड्या बुटाकडे बघत होता. "माझ्या बायकोने असे तीन उजवे फेकले," तो हळूच म्हणाला. "मी घरी नसताना फेकते. मला दिसू नये म्हणून."

थॅडने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. पण माघार घेईल तर तो थॅड कसला. "लेस घालावी लागेल. माझ्या जोडीतला बूट असा उघडा हिंडणार नाही."

"लेस नाही."

"का नाही? तुरुंगातल्यासारखं दिसतं ते. तिथे पोरांच्या लेस काढून घेतात, गळफास लावू नये म्हणून. माझा भाऊ होता आत. ती काय फॅशन आहे? ज्यांना माहीत नाही त्यांनी करावी."

एफ्रेनने पास्तेलेसची पिशवी मांडीवर नीट ठेवली. "मला माहीत आहे. सोळाव्या वर्षी उचलला होता मला, काही केलं नव्हतं, नुसता उभा होतो कोपऱ्यावर. तीन रात्री आत. लेस घेतल्या, पट्टा घेतला. सोडलं तेव्हा पट्टा परत दिला, लेस सापडत नाहीत म्हणाले. कोर्टापासून घरापर्यंत फटक फटक करत चालत आलो. आणि आमच्या गल्लीतली पोरं बघून म्हणाली, भारी दिसतंय रे! दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लेस काढल्या. मी म्हटलं, असू दे. पोलिसांनी घेतल्या असं सांगण्यापेक्षा मीच काढल्या असं सांगणं बरं. तेव्हापासून घातल्या नाहीत. घालायच्याच असत्या तर त्यांनी परत दिल्या असत्या."

सेंटर आलं. मी दार उघडलं, पायरी खाली सोडली. उतरताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "याचा डावा तसाच राहू दे. माझ्या उजव्याला मी बघतो."

पलंगाखालची जोडी चालेल, असं मी सुचवून बघितलं. दोघंही माझ्यावर एकदम ओरडले. मेळ्याला जुना बूट? वेड लागलंय का हिला? म्हणून मग तिघं दुकानात गेलो. दोन म्हातारे, चार कुबड्या, आणि तिथेही भांडण, पट्ट्या काळ्या की निळ्या. काउंटरवरच्या बाईला वाटलं दोन जोड्या हव्यात. "एकच," दोघं म्हणाले. तिने खालपर्यंत बघितलं, मग एक शब्द न बोलता एका बुटाला एक पिशवी, दुसऱ्या बुटाला दुसरी पिशवी असं बांधून दिलं. ती बाई मला आवडली.

काळ्याच पट्ट्या घेतल्या. एफ्रेनचं म्हणणं, त्याने थॅडला जिंकू दिलं. थॅडचं म्हणणं, तो स्वतःच जिंकला.

त्यानंतर थॅडने एकही खेप चुकवली नाही, असं लिहिलं की गोड वाटेल. पण चुकवल्या. मेळ्याच्या आदल्या खेपेला तर त्याने खोलीचं दारच उघडलं नाही. अर्नेस्टीन म्हणाली, लेसला इस्त्री करत बसला होता, दुपारपासून, आणि मग म्हणाला, कशाला करतोय मी हे, आणि पलंगावर जाऊन पडला. बूट घेतला म्हणजे माणूस उठला असं नसतं. बूट एक गोष्ट, लोकांसमोर एका पायावर उभं राहणं दुसरी. ज्याला सगळ्यांनी हवेत बघितलंय, त्याला जमिनीवर कोण बघणार, आणि कसं बघणार, ही भीती त्याला खात होती. मेळ्याच्या दिवशी मी त्याला सांगितलं, नुसता खुर्चीत बस, बूट दाखव, डुलत राहा, अर्ध्या तासात घरी सोडते. तेवढ्यावर आला.

पार्कात ऊन कलतं होतं. मक्याची कणसं, तळलेल्या माशाचा वास, डीजेच्या यंत्रांवर छत्री. आमच्या विल्किन्सवाल्यांनी थॅडसाठी घडीची खुर्ची मांडली, रिंगणाच्या अगदी काठावर. त्याने उजवा पाय पुढे ठेवला. मी खोटं सांगत नाही, त्या लेस बघायला माणसं वाकत होती. रुंद, कडक, पांढऱ्याशुभ्र, गाठ गायब. पण तो स्वतः हाताची घडी घालून, दगडासारखा. लोक यायचे, खांद्यावर थोपटायचे, आणि त्यांची नजर डावीकडे जिथे काही नव्हतं तिथे जायची आणि पटकन वर यायची. त्याला ते प्रत्येक वेळी कळत होतं.

"डेस, घरी," तो म्हणाला.

"आत्ता तर आलो."

"घरी."

तेवढ्यात शार्लट स्ट्रीटवाल्यांनी आरोळी ठोकली आणि एफ्रेन रिंगणात घुसला. कुबड्यांवर. देवा, काय सोंग होतं ते! दोन्ही कुबड्या टेकवून अंग उचलायचा, डावा पाय पुढे झोकायचा, जीभ काढलेला तो बूट असा फडफडायचा की आता उडतोय की मग. लोक खाली वाकत होते, दात सांभाळा म्हणून ओरडत होते. तो फिरत फिरत थॅडच्या समोर आला, आमच्याकडे झुंजीत करतात तसं हातवारे करून चिडवायला. तू म्हातारा, तू झोपलेला, तुझी खुर्ची मोडली. एक कुबडी उचलली, गिरकी घेतली, आणि खाली ठेवली.

ती थॅडच्या बुटावर. नेमकी रबरी टोपीच्या मागे, पांढऱ्या चामड्यावर.

डीजेने तबकडी थांबवली नव्हती, तरी सगळं थांबल्यासारखं झालं. आमच्यात दुसऱ्याच्या नव्या बुटावर पाय देणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यावरून जबडे मोडलेत, त्यावरून मयती झाल्यात. आणि ही तर कुबडी, पार्कातली माती, चिखल, कणसाचं लोणी सगळं तिच्या बुडाला.

काळा गोल डाग. नाण्याएवढा.

एफ्रेनचा रंग उडाला. "बघितलं नाही. शपथ, थॅड, बघितलं नाही. हे नेम धरून नव्हतं." आणि खिशातून रुमाल काढून तो पुसायला खाली वाकला. एका पायावर, कुबड्या सोडून. गुडघा वाकला, टाच वर उचलली गेली, आणि सगळा भार पुढच्या पंजावर आला.

"वाकू नको!" थॅड ओरडला.

"थांब, पुसतो..."

"अरे गाढवा, चामड्याला घडी पडतेय! डाव्याला घडी पडतेय! नवा आहे तो!"

आणि उठला. मी बघत होते, त्याने कुबड्या शोधल्या नाहीत, कोणाचा हात मागितला नाही. घडीची खुर्ची मागे आडवी झाली आणि तो उजव्या पायावर उभा राहिला, एफ्रेनचा पट्टा मागून धरून त्याला वर उपसला, पोतं उपसावं तसा. दोघं हेलकावले. मी पुढे धावले, आणखी दोघं धावले. पण ते पडले नाहीत. एफ्रेनने त्याच्या गळ्यात हात टाकला होता, आणि थॅडने त्याचा पट्टा सोडला नव्हता.

थॅड खाली बघत होता. स्वतःच्या डागाकडे नाही. एफ्रेनच्या बुटाकडे.

"पडली का?" एफ्रेनने घाबरत विचारलं.

"बारीकशी."

"तुझ्यावर डाग, माझ्यावर घडी. झाली बरोबरी."

"बरोबरी? हा अपघात होता म्हणालास आत्ता सगळ्यांसमोर. अपघाताला बक्षीस नाही. म्हणजे मी जिंकलो!"

"कशात जिंकलास? तू अजून नाचलायस कुठे?"

हे ऐकून शार्लट स्ट्रीटवाल्यांनी असा गलका केला की डीजेला काही सांगावं लागलं नाही. त्याने तबकडी मागे ओढली, तोच ढोलाचा तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मी थॅडच्या काखेत कुबड्या दिल्या, एफ्रेनला त्याच्या. त्याने त्या घेतल्या, एफ्रेनला छातीवर कोपराने ढकलून बाजूला केलं आणि दोन झेपांत रिंगणाच्या मध्ये.

फार काही केलं नाही त्याने. उगाच वाढवून सांगायची मला सवय नाही. खांदे हलवले, एकदा गिरकी घेतली, एकदा तोल गेला तो असा सावरला की जणू तसंच करायचं होतं. मग एक कुबडी बंदुकीसारखी एफ्रेनवर रोखली आणि दुसरीवर अंग तोलून तो डाग पडलेला बूट सगळ्यांना दिसेल असा हवेत धरला. क्षणभरच. मी घसा बसेपर्यंत ओरडले.

अंधार पडायला लागल्यावर मी दोघांना व्हॅनकडे नेलं. घामाने भिजलेले, एकमेकांच्या आयांचा उद्धार करत. अर्नेस्टीनने डबा दिला होता, मॅकरोनी आणि तळलेला मासा, तो दोघांनी एकाच चमच्याने संपवला आणि मीठ कमी आहे म्हणून दोघांनीही नावं ठेवली. सिगारेट वाटून घेणार नव्हता म्हणे.

थॅडच्या घराखाली मी पायरी सोडली. तो उतरला, दोन पावलं गेला आणि वळला.

"शनिवारी लवकर ये, डेस. मागच्या वेळी उशीर केलास."

"मागच्या वेळी तू दार उघडलं नव्हतंस."

"ते जाऊ दे. लवकर ये. खिडकीजवळची सीट मला पाहिजे, हा चढायच्या आत."

"ती सीट माझी आहे," आतून एफ्रेन ओरडला. "मी आधीच्या स्टॉपवर चढतो!"

"मग रस्ता बदल," थॅड मला म्हणाला, आणि कुबड्या टेकवत वर गेला.

शनिवारी मी रस्ता बदलला.